कार्डावर काय लिहू

अप्पा बळवंत चौकातल्या छपाईवाल्याने
मान वर न करताच विचारलं,
मालीश लिहू, की मसाज?
मागे कुणीतरी हसलं.
मी म्हटलं, थांबा जरा,
आणि उभी राहिले
दहावीच्या गाइडांच्या थप्पीला टेकून.

मालीश म्हटलं की दोनशे रुपये आणि वर चहा.
मसाज म्हटलं की रात्री साडेदहाला फोन,
मॅडम, आणखी काय काय करता?
असले नंबर मी 'गळका नळ' नावाने सेव्ह करते.
गळका नळ चौदापर्यंत आलाय.

थेरपिस्ट लिहावं, तर बाणेरला गल्लीगणिक एक,
गवती चहाचा वास, पहिल्या वेळी निम्मे पैसे,
भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट.
सर्टिफिकेट माझंही आहे. भिंत नाही.
घडीचं टेबल आहे, सोळा किलोचं,
कर्वेनगरच्या आगाशेकाकांच्या लिफ्टमध्ये
ते मावत नाही.
चार जिने चढून गेल्यावर वाटतं
आधी मलाच कुणी आडवं करावं.

काकांनी पहिल्या दिवशी
शर्ट काढायला वीस मिनिटं लावली.
पाठीला हात लागला तेव्हा म्हणाले,
अकरा वर्षं झाली.
कशाला, ते बोलले नाहीत.
पात्याखाली सुपारीएवढी गाठ होती,
तिच्यावर अंगठा ठेवून मी शंभरपर्यंत मोजलं.
निघताना म्हणाले, पन्नास कमी करा.

घरमालकिणीला सांगितलंय, दवाखान्यात काम करते.
तिची डावी टाच दुखते,
जिन्यातल्या पावलांवरून कळतं मला.
खोटं बोलून बसल्यामुळे
तिला काही म्हणता येत नाही.

ताई, ठरलं का?
छपाईवाला माऊस सरकवत होता,
उजवा खांदा कानाला भिडलेला.
कधीपासून दुखतोय, मी विचारलं.
तेव्हा त्याने पहिल्यांदा वर बघितलं.
तीन वर्षं. किती घेता?
सातशे.
जास्त होतात.
शंभर कार्डांचे तुमचे किती?
साडेचारशे.
जास्त होतात.

मागचा माणूस पुन्हा हसला, पण निराळं.
स्क्रीनवर ठळक अक्षरात शैला पायगुडे,
खालची ओळ रिकामी,
आणि तो खुर्ची फिरवून
माझ्याकडे पाठ करून बसला,
कॉलर सैल करत.