निदान रेषा

सिडकोत, पवननगरच्या भाजीबाजारामागे
माझं दुकान. संगणक दुरुस्ती, झेरॉक्स, दोन खुर्च्या.
मंगळवारी एका खुर्चीत गायखे काका येऊन बसले.

"पोरी, तबकडी आत फिरते, घरघर ऐकू येते.
चित्रच येत नाही."

नवी सिस्टीम मीच बसवून दिलेली.
फुकट मिळतेय, घेऊन टाका, म्हणाले होते.
'पुढे'वर टिचकी, पुन्हा 'पुढे',
अटी मान्य.
आतला प्लेअर काढून घेतलाय
हे कुठं लिहिलं असेल तर मी वाचलं नाही.

काकांनी छत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
एक कमी भरली नाही कधी.
तबकडीवर मार्करनं: जेल रोड, अंतिम सामना, ०६.
पंच: स्वतः.
बरोबरीत शेवटची चढाई. मखमलाबादचा सोपान झनकर
आत घुसला, कुणाला न शिवता फिरला,
आणि काकांनी शिट्टी फुंकली.
पाय निदान रेषेला पोचला नाही. बाद.
एका गुणानं गेला सामना.
सोपान पुढे खेळलाच नाही म्हणे,
अंबडला कुठल्याशा कंपनीत लागला.

तेव्हापासून दर रविवारी, आंघोळ उरकून,
काका चित्र थांबवतात त्या पायाशी.
एक फ्रेम मागे. एक पुढे.
धुरळा. विस्कटलेली फक्की.
कोपऱ्यात शूटिंगवाल्याचा अंगठा.
पाय रेषेवर, की बोटभर अलीकडे?

"दुसरा प्लेअर टाकते काका, तीन मिनिटांचं काम."

ते बशीतला कप फिरवत राहिले.
बाहेर कुणीतरी कोथिंबीर दहाला दोन ओरडत होतं.
"ह्या रविवारी दिसलं नाही,
तर मी चालत गंगेवर गेलो. भेळ खाल्ली.
किती वर्षांनी...
थांब जरा. लगेच नको टाकू."

मशीन घेऊन गेले. तबकडी विसरली,
किंवा ठेवली.

रात्री शटर अर्धं ओढून
माझ्या जुन्या संगणकात घातली,
ज्याला मी अजून काहीच नवं शिकवलेलं नाही.
आधी गलका, मग शिट्टी.
थांबवलं. एक फ्रेम मागे.

दिसलं.

पावतीवर लिहिलंय: तपासणी. रकमेची जागा कोरी.
विचारतील तर सांगेन.
निदान
विचारायला तरी हवं त्यांनी.