क्ष मानू

औशाच्या तहसीलमध्ये
केवळबाईंचं आधार सांगतं, वय पन्नास.
जन्म, अर्थातच, एक जानेवारी.
योजनेला पासष्ट लागतं.

"रझाकाराच्या गडबडीत
आय मला काखंत मारून कडब्यात दडली व्हती.
बहात्तरला खडी फोडायलते, व्यंकट पोटात.
भूकंपाला नात सव्वा महिन्याची.
आता काढा तुमीच."

मी फाइलीच्या पाठीवर मांडतो, शाळेतल्यासारखं:
बाईंचं वय क्ष मानू.
आधार खरं धरलं, तर
व्यंकट झाला तेव्हा आई दहा वर्षांची.

खोडतो. पुन्हा मांडतो.
मागची रांग खोकते.

त्या टेबलावर वाकतात,
"ह्ये क्ष म्हंजी मीच का?"
हो म्हणालो.

"मग जरा मोठं काढा की, सायेब.
दिसंना."