पावलं केझियाची

कब्रस्तानाच्या फाटकाला कडी नाही, तार आहे.
ती शांतवन अल्हाट बांधतो, शांतवनच सोडतो.
त्याच्या नातीनं मला चिठ्ठी दिली,
वहीचं फाडलेलं पान, हिरवं स्केचपेन:

फाटकात उभे राहा. अजिंक्यतारा पाठीशी घ्या.
सरळ बावीस पावलं. तिथे नांगर.
नांगराचं टोक जिकडे, तिकडे अकरा.
डबा आहे. खोदायचं नाही.
आजोबांना सांगायचं नाही.

आजोबा माझ्याच शेजारी बिडी ओढत होते.

एकतीस वर्षं या कॅम्पात टपाल वाटलं मी.
नंबर नसलेली घरं शोधली,
एका आळीतले तीन दगडू जाधव वेगळे ओळखले.
इथे मात्र सायकल कधी थांबली नाही.
इथे कोण कोणाला लिहिणार?

बावीस मोजली, आणि शेतातला नांगर शोधत राहिलो
घाणेरीच्या झुडपात, बराच वेळ.
मग दिसला. जहाजाचा होता.
संगमरवरी, एक फाळ तुटलेला.
समुद्र घाटाखाली, कुठच्या कुठं,
आणि हा इथे रुतून बसलेला
कुणा कप्तानाच्या छातीवर.

टोकाच्या दिशेनं अकरा.
डबा नव्हता.
गुडघ्याएवढा एक दगड होता, शेवाळ वाळून काळं झालेलं.
रुमालानं पुसला.
इंग्रजी मी पाकिटांवरच शिकलो,
एकेक अक्षर जुळवून, दारात उभ्यानं.
तसंच वाचलं:
आयडा मेबल. अकरा महिने, चार दिवस.

हे नाव माझ्या हातातून गेलं होतं.

सत्त्याऐंशी साल. निळं, पातळ, विलायती पाकीट.
म्हाताऱ्या माणसाचं थरथरतं अक्षर.
आयडा मेबल, शेवटची रांग, कॅम्प, सातारा.
सॉर्टिंगला सगळे हसले. मीही हसलो.
परतीच्या शेऱ्याला तीनच शब्द असायचे:
स्थलांतरित. पत्ता अपुरा. मयत.
मी लाल पेन्सिलीनं मयत लिहिलं
आणि पाकीट परत समुद्रापार.
नियमाप्रमाणे बरोबर होतं.
खोटंही काही नव्हतं त्यात.

ऊन दगडावर आलं. मी रुमाल झटकत उभा.

"ओ काका! तुमची पावलं नाही मोजायची!
माझी मोजायची, माझी!"
कुंपणाच्या भिंतीवर केझिया,
एका पायात चप्पल, हातात अर्धा पेरू.

परत नांगरापाशी गेलो.
साठी उलटलेल्या माणसानं दहा वर्षांच्या मुलीसारखं चालायचं
म्हणजे टाच जवळजवळ अंगठ्याला लागते.
सात, आठ. शांतवन खोकल्यात हसू लपवतो.
दहा. अकरा.
निखळलेल्या विटेमागे, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला
कंदी पेढ्यांचा डबा.

आत चाळीस पानी वही,
वाळलेलं शाईचं पॅड,
आणि खोडरबर कोरून केलेला शिक्का.
खार आहे म्हणाली.
मला शेपटीवाला बटाटा दिसला, पण बोललो नाही.
वहीत माझ्याआधी सहा जण:
एक कॉलेजचा पोरगा,
चार वेळा केझिया, चार वेगळ्या नावांनी,
आणि एक अंगठा, ज्याला बिडीचा वास होता.

पॅडवर थुंकी लावली. ऑफिसातही तेच करायचो.
दोन ठोके. एक शाईवर, एक कागदावर.
हात विसरला नव्हता.
खारीखाली तारीख घातली,
आणि शेरा लिहायला जागा नव्हती तरी लिहिला:

आयडा मेबल.
नांगरापासून मोठ्या माणसाची अकरा पावलं.
पत्ता पुरा.

केझियानं वाचलं, पेरू चावत, दोनदा.
"ही चिटिंग आहे. ही तर नवी खूण झाली.
आता तिथेपण डबा ठेवायला लागणार.
डबा तुम्ही आणा.
पेढे खाऊन आणा, भरलेला नको. मुंग्या लागतात."

फाटकाशी शांतवननं तार हातात घेतली.
बांधली नाही लगेच.
"रविवारी येणार ना," म्हणाला,
आणि बिडी माझ्यापुढे धरली.