तीस वर्षांचा सर्च

बँकेला तीस वर्षं पुरतात.
तीस वर्षं मागे जायचं,
बोजा नाही, वाद नाही, असं लिहायचं,
वकीलसाहेबांची सही, गोल शिक्का,
माझे साडेसातशे.

हंसापुरीतलं घर क्रमांक तीनशे बारा.
तीस वर्षांवर मी थांबले नाही.
मे महिना होता, नझूलच्या रेकॉर्ड रूममध्ये
कूलरला पाणी होतं, हे एक कारण.
दुसरं मला नीट सांगता येत नाही.

आखीव पत्रिका उलटी वाचत गेले:
जयस्वाल, त्याआधी टहिलरामानी,
त्याआधी मोरेश्वर वल्द गोविंद डबीर.
नावाला कंस झाला की समजायचं
माणूस गेला, किंवा घर गेलं.
मालक असे सापडतात. मालकांचं काय,
ते कागदावरच राहतात.
मला हवं होतं, त्या घरात झोपत कोण होतं,
उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून,
कुठल्या दिशेला डोकं करून.

मग घरटॅक्सचं रजिस्टर, सन एकोणपन्नास,
डावा समास वाळवीनं खाल्लेला.
भाडे रुपये सहा. खोल्या दोन.
मागे पडवी, तीत हातमाग एक.
भोगवटादार: निनावे.

निनावे.
तीन दिवस तो शब्द मी डब्यासोबत घरी नेला,
डब्यासोबत परत आणला.
खोल्या मोजल्या त्या कारकुनानं, माग मोजला,
आणि माणसापाशी येऊन त्याची दौत सुकली!
रागावले मी त्याच्यावर.
वहीत एक वाक्यही लिहिलं, जरा भारीच,
इतिहास आणि अनाम माणसं वगैरे.

चौथ्या दिवशी गठ्ठे बांधता बांधता
डोमाजी शिपाई खांद्यावरून डोकावला,
"काय शोधून राहिल्या मॅडम?"
दाखवलं. खर्रा गालात सरकवून हसला.
"अवो, आडनाव हाय ते.
तांडापेठेत जा. गोटा फेकला
तं निनाव्यालेच लागते."

ते भारी वाक्य मी कंसात टाकलं.

तांडापेठेत तीन निनाव्यांनी मान हलवली,
चौथ्यानं खुर्ची दिली.
कवडू इस्तारी निनावे. आधीची दोन भावंडं गेली,
म्हणून ह्यांना शेजारणीला कवडीला विकलं,
म्हणून हे राहिले, ऐंशी ओलांडून.
हंसापुरी म्हटलं, तर त्यांच्या पायानं
जमिनीवर काहीतरी दाबलं,
एक डावं, एक उजवं.
तिथं माग नव्हता. फरशी होती.

"न्हाणीजवळचा गोटा हाय का अजून?
माय लुगडे धुये त्याच्यावर.
बापानं त्याच्याखाली भोकाचा पैसा पुरला, मायासाठी.
मोठा झाला का काढजो म्हणे.
मंग घर सोडा लागलं. रातीच सोडलं."
का, ते त्यांनी सांगितलं नाही.
मीही फक्त चहा संपवला.

रिपोर्टला शेवटी शेरा नावाचा रकाना असतो.
आम्ही तिथं "निरंक" लिहितो.
मी लिहिलं: न्हाणीजवळ दगड, खाली पैसा एक,
कवडू वल्द इस्तारी निनावे यांचा.
साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"हा बोजा आहे का?"
हो म्हणणार होते.
"नाही सर."
त्यांनी रेघ मारली, शांतपणे, पट्टी धरून.
चांगला माणूस आहे. पट्टी धरून मारली.

एकवीस तारखेला जेसीबी येतोय,
वर चार मजले, खाली पार्किंग.
आज सतरा.
मी जाऊन पाहिलं, दगड आहे,
एकटीनं हलत नाही.
डोमाजी पहार आणतो म्हणाला,
आणि त्याच्या भाच्याचा ऑटो,
कारण कवडूजींना आता
तांडापेठ ते हंसापुरी
चालवत नाही.