दाब शून्य

मे महिन्यात दुपारी दोनला नागपूर मिटून जातं.
मानेवाड्याच्या आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा
नाल्याच्या पुलाखालून बाहेर येत नाही.
कूलरच्या वाळ्याला ओला वास,
आणि मी सराव परीक्षेच्या पाठकोऱ्या कागदांवर
एक तारा पाडत बसलेली.

तारा म्हणजे धूळच. गोल, निवांत, दाब शून्य.
स्वतःच्याच वजनानं आत आत येणारी.
प्रश्न एवढाच:
मधला कण शेवटाला पोचतो
तेव्हा भोवती दार लागलेलं असतं का?
लागलं असेल, तर कृष्णविवर. आतलं आत.
नसेल, तर तो बिंदू उघडा पडतो, नागडा,
आणि तिथला एखादा किरण
निसटतो.

मधून बाहेर जाताना घनता किती घाईनं उतरते
यावर सगळं.
नऊ वर्षं मी या उतारावर आहे.
जाणती माणसं म्हणतात, निसर्ग असं होऊ देत नाही,
लाज राखतो.
सिद्ध कोणी केलेलं नाही.

बाबा खाटेवरून विचारतात,
"काहून वं उत्पला, काय मांडून बसली एवढं?"
मी सांगते. धूळ. दाब शून्य.
ते हसतात, हसण्याचा खोकला होतो.
"अशी धूळ नसते वं.
छत्तीस वर्षं खाल्ली म्या."
रेफरीनंही हेच कळवलं होतं, जरा सभ्य भाषेत.

मग वीज जाते.
कूलरचं पाणी थेंबाथेंबानं थांबतं
आणि बाबा बोलू लागतात
कामठीपलीकडच्या त्या खाणीबद्दल,
आई होती तोवर जिचा घरात शब्द नव्हता.

"छत बसायच्या आधी लाकूड बोलते.
मधातला थांब पहिले गेला.
बाजूचे उभे होते अजून, जरासे.
तेवढ्यात तिकडून दिवा दिसला. टोपीवरचा.
दुधरामचा.
त्याचं नाव घेऊन होईस्तोवर.
मंग बसलं सारं."

चौकशीत काय सांगितलं तुम्ही?

"काही नाही दिसलं म्हणून. साऱ्यांनीच.
दिसलं म्हटलं असतं
तर तो जिता होता म्हणा लागलं असतं.
खोदणं तिसऱ्या दिवशी थांबलं."

पेन्सिल खाली ठेवायला हवी होती मी. ठेवत नाही.
तोंडून निघतं ते भलतंच:
कोणत्या रंगाचा दिसला दिवा?

बाबा वर बघतात.
स्लॅबला एक तडा आहे, पंख्यापासून खिडकीपर्यंत.
"पांढरा होता तो. बॅटरीचा.
पण आला तो लाल. लालच आला."

वीज येते. कूलर धडधडतो, कागद उडतात.
एक त्यांच्या छातीवर जाऊन पडतो.
ते त्यावर पंजा ठेवतात,
डोळे मिटतात.

मी तो मागत नाही.