निवडणं

साहेब म्हणाले, तुम्ही बोरिवलीच्याच ना,
रविवारी बाईंना जरा झाडांत फिरवून आणा.
म्हणून जानेवारीत, सकाळी सातला, पार्कच्या गेटवर
मी आणि इंगेबोर्ग,
नॉर्वेहून आलेली, मेट्रोच्या बोगद्याच्या कामावरची,
पायात असे बूट की कान्हेरीच्या टेकडीलाच संकोच वाटावा.

रांग बघून तिनं विचारलं, आज कसला सण आहे?
मी म्हटलं, रविवार.

पुढे एका पतपेढीचा रौप्यमहोत्सव चढत होता,
पिवळ्या टोप्या, प्रत्येक वळणावर शिट्टी.
मागे एक मुलगा, पाठीला तान्ह्या बाळासारखा
स्पीकर बांधून.
आणि कठड्याला टेकलेले काका फोनवर,
‘जंगलात आहे, जंगलात! आवाज येतोय का?’
अख्ख्या जंगलाला येत होता.

ती बाजूला उभी राहायची,
एवढा घोळका जाऊ दे म्हणून.
घोळका जायचा.
त्याच्यामागे घोळका असायचा.
मी सॉरी म्हणत होते,
जणू स्पीकर माझ्या घरचा.

वर, लेण्यांच्या माथ्यावर, पोरांनी तिला गाठलं.
नेम? कंट्री?
आणि दरीत तोंड घालून सगळी ओरडली,
इंगे-बोऽऽर!
दरीनं इंगे ठेवून घेतलं,
नुसतं बोर, बोर परत केलं.
खाली टोपली घेऊन बसलेल्या जमनीबाईनं
गिऱ्हाईक समजून मान वर केली.

मी हसले. ती नाही हसली.
म्हणाली, आमच्याकडे वाटेत दोन माणसं भेटली
तर रात्री जेवताना सांगतो आम्ही.
मग थोड्या वेळानं,
इथे पक्षी नाहीत का?

हे मात्र मला लागलं.

तिला दगडात कोरलेल्या पायरीवर बसवलं.
म्हटलं, शांतता शोधू नकोस, ती इथे मिळत नाही,
निवडावी लागते.
आई सुपात तांदूळ घेऊन दारात बसायची,
समोर नळावर दोन बायका हंड्यांवरून भांडत असायच्या,
आणि तिचं बोट बरोबर खड्यावर.
तसं कर. आधी ते गाणं काढ, मोठा खडा आहे.
मग शिट्टी.
मग जंगलातले काका.

तिनं डोळे मिटले. बराच वेळ.
पोरं राहिलीत, म्हणाली.
राहू दे. ती कणी आहे, शिजते.

मग तिची भुवई हलली.
कुणीतरी भांडं ठोकतंय.
टुक्. टुक्. टुक्. टुक्.
तोच, म्हटलं. तांबट.
आम्ही त्याला तेच नाव दिलंय.

मी अशी खूश, जणू पक्षी मीच पाळलेला.
तेवढ्यात ती म्हणाली, आणि ते पाणी?
कुठलं पाणी?
इथे, या दगडाच्या पोटात. थेंब पडतोय.

मी चौतीस वर्षं येतेय.
शाळेची सहल, भाचरांचे वाढदिवस,
एकदा तर लग्नासाठी बघायला आलेल्या मुलाबरोबर,
याच पायरीवर, तो पगार सांगत होता.
पोढीतला थेंब तेव्हाही पडत असणार.
मी त्याला कधीचाच खडा समजून
सुपाबाहेर टाकला होता.

टेकले कान दगडाला.
पडला.
मग शिट्टी. मग टाळ्या. पतपेढीचा ग्रुप फोटो.
मग पडला.

असं नाही की तिला आवडलं.
उतरताना तिनं कानात बोळे घातले,
पुन्हा येशील का विचारलं तर बोळा काढून म्हणाली, नाही,
आणि परत घातला.
जमनीबाईकडून पावशेर बोरं मात्र घेतली,
एकेक सावकाश चोखून खाल्लं,
आणि बिया हातातच.
कुठे टाकू?

टाक गं कुठेही, जंगल आहे, म्हटलं मी.

तिनं वर चढणाऱ्या माणसांकडे पाहिलं,
पायरीपायरीनं, गेटपर्यंत,
आणि मूठ मिटून घेतली.