बंद केलेल्या तक्रारी

करारातलं सातवं परिशिष्ट मला आता पाठ आहे,
लहानपणी औटकी पाठ होती तसं:
गटार तुंबल्याची तक्रार नोंदल्यापासून
चार तासांत झाकण उघडून, उपसून, फोटो लावून
बंद केली तर पूर्ण गुण.
सहा तासांत, अर्धे.
पुढे दंड.
आणि जेवढे गुण तेवढे पैसे.

सोहारच्या नगरपालिकेनं जुना करार मोडीत काढला,
ज्यात माणसं मोजायचे, टँकर मोजायचे, डिझेल मोजायचे.
आता आम्ही निकाल विकत घेतो, म्हणाले.
मला पटलं होतं ते, खरंच सांगतो.
जुन्या करारात आमचे चार टँकर कागदावर धावत
आणि दोन रस्त्यावर.

पण ओदेलूला कुणी परिशिष्ट वाचून दाखवलं नव्हतं.
जगित्यालचा ओदेलू, बावीस वर्षं आखातात,
झाकणाला कान लावून सांगतो
खाली पाणी चालतंय की रेंगाळतंय.
मासळीबाजारामागची लाइन तो दर गुरुवारी
कुणी न सांगता उपसायचा.
शुक्रवारी घरोघर पाहुणे, म्हणे,
भात आणि तूप खाली येतं, शनिवारी थिजतं.
तो थिजूच द्यायचा नाही.

मार्चमध्ये आमच्या भागातून तक्रारी आल्या तीन.
किमान अकरा लागतात,
नाहीतर शेरा: नमुना अपुरा,
आणि अपुऱ्या नमुन्याला गुण नाहीत.
शेजारच्या ठेकेदाराकडे गल्लीभर घाण पाणी,
एकसष्ट तक्रारी, साठ वेळेत बंद.
त्याला बोनस.

मालक म्हणाले, ओदेलूला थांबायला शिकव.
मी सांगितलं. तो हसला. मग हसायचा थांबला.
"तुंबू द्यायचं?"
"तुंबू द्यायचं. फोन येईल. मग जायचं."
हातातली सळी त्यानं फडक्यानं पुसली,
दोनदा.
गुरुवारी तो गेलाच.

मग मीच फोन उचलला.
माझी मोडकी अरबी: मशिदीमागची गल्ली,
झाकण क्रमांक अमुक, पाणी वर येतंय.
ओदेलू आधीच तिथे, गुडघ्यांवर.
नऊ मिनिटांत तक्रार बंद.
फोटोत कोरडं झाकण आणि एक मांजर.
एप्रिलमध्ये असे अकरा फोन केले.
खोटं म्हणाल तर खोटं,
पण गटार खरोखर वाहत होतं.

दाभोळहून मैमुना म्हणते, काही तक्रार नाही.
पूर्वी मी इथेच फोन ठेवायचो.
हल्ली विचारतो, विहिरीच्या पंपाचं काय,
अम्मीच्या गुडघ्याचं काय,
आणि तू अशी हळू का बोलतेस.
तास जातो.

मेच्या बैठकीत मुहंदिसा थुरैया
यादीवरून पेन्सिल फिरवत होत्या.
अकरा तक्रारी, नंबर एक.
"हे गृहस्थ," त्या म्हणाल्या,
"एकाच वेळी अकरा गल्ल्यांत राहतात.
आणि यांचं गटार गुरुवारीच तुंबतं."
मालकांनी खजुरांची बशी पुढे सरकवली.
कुणी खजूर घेतला नाही.
"माझी आई त्या बाजारामागे राहते," त्या म्हणाल्या,
"तिथे आता वास येत नाही.
याला माझ्याकडे रकाना नाही."
चार गुण कापले, कारण: इतर.
सही केली.

जिन्यात मला गाठून म्हणाल्या,
"परकार, पुढच्या महिन्यात निदान दोन नंबर वापरा."

आज गुरुवार.
ओदेलूनं त्याचा फोन माझ्या हातात दिला,
काच तडकलेली, कडांना ग्रीस.
मला अरबी येत नाही, तुम्ही बोला, म्हणाला,
आणि बोट ओठांवर ठेवून
झाकणाला कान लावला.